पानावरची चांदी आणि मामांचा तांब्या

पहाटे साडेपाचला गच्चीचं दार करकरलं की मला जाग येते. मग मी पडल्या पडल्या कान लावते. आधी नळाचा आवाज, मग तांब्या भरल्याचा, मग चपलांचा. चपला डावीकडं वळल्या तर तुळस, जास्वंद, कढीपत्ता. तिथं किती का ओतेनात. उजवीकडं वळल्या की मी पांघरूण फेकून पळत सुटते. उजव्या कठड्यावर माझी चांदी आहे.

मामा म्हणजे माझे सासरे. वय 82, गाव शिरोळ तालुक्यात, सगळी हयात उसात गेली. गुडघे बोलायला लागल्यापासून आमच्याकडं कोल्हापुरात फुलेवाडीत असतात. शेत सुटलं, पाणी पाजायची सवय काही सुटली नाही. कोरडी माती त्यांना बघवतच नाही. पंगतीत कुणाच्या ताटातली भाकरी संपली आणि वाढप्याचं लक्ष नसलं की जसा जीव वरखाली होतो, तसा त्यांचा वाळक्या कुंडीपाशी होतो. "तहानलंय गं त्ये," म्हणतात आणि ओततात. आणि अशा माणसाच्या सुनेला नाद लागावा तो नेमका तहानेवर जगणाऱ्या झाडांचा.

नाद लागला एका पुष्पप्रदर्शनात. पेटुनिया, झेंडू, डेलिया, सगळे रंग नुसते ओरडत होते, आणि त्यांच्या कडेला एका काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत हे गप्प झाड. फूल नाही. पानं नक्षीदार कातरलेली, आणि रंग असा की आधी मला वाटलं, कुणीतरी राख पाखडलीय. बोट लावून बघितलं, राख निघाली नाही. पाटीवर लिहिलं होतं, 'डस्टी मिलर'. पिठानं माखलेला गिरणीवाला! आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्याच्या भुवया संध्याकाळी अश्शाच दिसतात. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं कधीतरी गिरणीच्या दारात डबा घेऊन नंबर लावला असणार.

एका नर्सरीतून दोन रोपं आणली. फाटकाजवळ लाल साल्वियाच्या पुढं लावली. एक सांगते, ही पानं दुपारी बघण्यात काही अर्थ नाही. दिवेलागणीला बघायची. लाल फुलं आधी काळी पडतात, मग हिरवं काळं पडतं आणि ही तेवढी उजेड धरून बसतात. एकदा लाइट गेली होती तेव्हा फाटकाची कडी मी त्यांच्या अंदाजानं शोधली होती.

उन्हाळा त्यांनी हसत काढला. मग जुलै आला. कोल्हापूरचा जुलै म्हणजे सकाळी पेपर उघडून आधी पंचगंगेची पातळी बघायची. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पातळी चढत गेली तशी माझी गिरणीवाल्याची जोडी खचत गेली. पानं भिजलेल्या कागदासारखी देठाला चिकटली, बुंधा मातीलगत काळा पडला आणि एक दिवस उचलायला गेले तर मुळांशिवाय नुसतं वरचं झाड हातात आलं. नर्सरीवाला म्हणाला, "मॅडम, त्ये सीझनलच असतंय. दुसरं न्या की." 

मला त्या 'दुसरं न्या की'चा राग आला. कारण तोवर मी वाचलं होतं. हे झाड भूमध्य समुद्राच्या काठचं, कातळात उगवणारं, वर्षानुवर्षं जगणारं. तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. आपल्याकडं बरोबर उलटं. ते हंगामी नाही, आपणच त्याला एका हंगामात मारतो.

वाचता वाचता आणखी एक गंमत सापडली. याचं जुनं शास्त्रीय नाव सिनेरारिया मरिटिमा. हे नाव मी कुठं बघितलं होतं? आईच्या उशाशी! मोतीबिंदूसाठी ती होमिओपॅथीचे थेंब डोळ्यांत घालायची, त्या बाटलीवर. दोन वर्षं रोज रात्री आढ्याकडं तोंड करून मी तिच्या डोळ्यांत या झाडाचा थेंब सोडला होता आणि झाडाची ओळखच नव्हती. (मोतीबिंदू थेंबांनी हटला नाही. शेवटी ऑपरेशनच केलं. थेंबांवर विसंबून कुणी डोळे अंधारात ठेवू नयेत म्हणून सांगते.) सिनेरारिया म्हणजे राखेसारखं, मरिटिमा म्हणजे समुद्राकाठचं. आता वनस्पतिशास्त्रवाल्यांनी त्याचं घराणं बदललं, नाव जॅकोबिया मरिटिमा केलं. राख गेली, समुद्र राहिला.

ठरवलं, आता बियापासून करायचं. म्हणजे इथल्याच हवेत डोळे उघडील. तर्क फारसा पक्का नव्हता. खरं म्हणजे हट्ट होता.

बी आलं पोस्टानं, दिवाळीनंतर. पाकीट फाडलं तर आत आणखी एक इवलं पाकीट आणि त्यात तळाला भुसा जमावा तसं काहीतरी. शिंक आली असती तर शंभर रुपये गेले असते. या बियांना उगवायला उजेड लागतो, म्हणजे वर माती लोटायची नाही, नुसत्या ठेवायच्या. खणाखणांच्या प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यात निम्मी बारीक वाळू. उदबत्तीची काडी पाण्यात बुडवायची, तिच्या टोकानं एक बी उचलायचं आणि खणात टेकवायचं. टोकाला चिकटलेलं बी सुटलं की नाही हे चष्म्यातून दिसत नाही, म्हणून मामांचं पेपर वाचायचं भिंग घेतलं. मामा शेजारी खुर्चीवर बसून बघत होते. त्यांना ट्रे ओळखीचा होता. उसाची एक डोळ्याची रोपं आता ट्रेमध्येच करतात. पण ट्रेच्या खणात न दिसणारं बी घालणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली.

"ह्याचं काय व्हतं?"

"पांढरी पानं येतात, मामा."

"आन् मग?"

मग काय, हे मलाही सांगता आलं नाही.

ट्रेवर मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण ठेवलं. वरून पाणी घालायचं नाही. परातीत पाणी घेऊन ट्रे त्यात ठेवायचा, खालून ओल चढली की काढायचा. अकराव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. पंधराव्या दिवशी तीसेक रोपं. मी शाळेत निघताना त्यांना बघून जायचे, आल्यावर चपला काढायच्या आधी बघायचे. आणि एका दुपारी आले तर सगळी आडवी. उभ्या उभ्या कुणीतरी पायाखालची माती काढून घ्यावी तशी. देठ मातीलगत दोऱ्यासारखा झालेला आणि वरची दोन पानं अजून हिरवीगार, त्यांना आपण मेलोय हे कळलेलंही नव्हतं.

याला रोपं कोलमडणं म्हणतात. मातीतल्या पिथियमसारख्या बुरशा असतात, ओल साठली आणि वारा नसला की कोवळ्या देठाचा चट्टामट्टा करतात. ओल कुठून साठली? परातीत ट्रे होता आणि परात काठोकाठ भरलेली होती. शेजारी तांब्या.

मी काही बोलले नाही. मामाही बोलले नाहीत. रात्री जेवताना मी त्यांना भाकरी वाढली, त्यांनी घेतली, एवढंच. नवरा अशा वेळी तटस्थ राष्ट्र असतो; त्यानं मिठाचा डबा इकडून तिकडं केला.

दुसऱ्या खेपेला ट्रे मी आमच्या खोलीच्या खिडकीत ठेवला. रोपं पुन्हा आली आणि मला नवीनच शंका खायला लागली. ती हिरवी होती. साधी, गवतासारखी हिरवी. कोकोपीटमधून तण आलं की काय? दोन तर मी उपटूनही टाकली. नंतर कळलं, या झाडाची दलं, म्हणजे बियातून निघणारी पहिली दोन पानं, हिरवीच असतात. पहिलं खरं पान येतं तेही कसंनुसं, भुरकट. तिसऱ्या-चौथ्या पानाला कुठं चांदी चढायला लागते. जन्मतः चांदीचं असं ते झाडच नाही.

आणि चढते म्हणजे काय होतं, ते भिंगाखाली बघितलं. पान पांढरं नसतंच. पानावर लव असते, पिंजलेल्या कापसासारखी एकमेकींत गुंतलेली. नखानं हलकेच खरवडलं की लव गोळा होऊन निघते आणि खाली पान हिरवंच्या हिरवं. हे केस वाढ पुरी झाली की मरतात, पोकळ होतात, आत हवा भरते. हवा आणि केस यांच्यात उजेड इकडून तिकडं फेकला जातो आणि आपल्याला ते पांढरं दिसतं. ऊन परतवायला आणि पानातली वाफ अडवायला झाडानं मेलेल्या केसांचं घोंगडं पांघरलंय. त्यावर पाण्याचा थेंब टाकला. क्षणभर तो मण्यासारखा उभा राहिला. मग बसला, पसरला आणि तेवढी जागा हिरवी झाली. केसांमधली हवा गेली, चांदी गेली. 

अमेरिकेच्या आणि मेक्सिकोच्या वाळवंटात एन्सेलिया फॅरिनोसा नावाचं झुडूप आहे. फॅरिनोसा म्हणजे पिठूळ, तिथंही गिरणीच! ते तर ऋतू बघून कपडे बदलतं. पाऊसपाण्याच्या दिवसांत येणारी पानं हिरवट, कमी केसांची. कोरडे दिवस लागले की येणारी पानं पांढरीशुभ्र, दाट लवेची. जितकी तहान जास्त तितकी चांदी जास्त. हे मी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "म्हंजे उपाशी ठेवल्यावर दागिनं घालतंय व्हय?"

याच सुमाराला वन्सं आल्या हुपरीहून. हुपरी म्हणजे चांदीचंच गाव, घरोघरी पैंजण. आमच्या दाजींचा धंदा तोच. मी मोठ्या कौतुकानं कुंडी दाखवली, म्हटलं, बघा वन्सं, तुमच्यापेक्षा माझी चांदी भारी, पण चमक तेवढी नाही. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, मी सांगतो तुला, खरी चांदी ही अशीच असतीया." (आमच्याकडं बायका 'मी येतो, मी सांगतो' म्हणतात. पुण्याला गेल्यावर याचा फार हिशेब द्यावा लागतो.) पैंजण तापवून तेजाबाच्या पाण्यात बुडवून काढला की दुधासारखा पांढरा होतो. मऊ, पिठूळ, चमक नावालाही नाही. मग रिठ्याच्या पाण्यात ब्रशनं घासायचा, तेव्हा कुठं गिऱ्हाइकाच्या ओळखीची चांदी होते. "चकाक्या घासून काढत्यात," म्हणाल्या आणि आपल्या साळुंकीसारख्या चालीनं खाली चहा टाकायला गेल्या.

मामांना मात्र त्या पांढऱ्याचं कधीच कौतुक वाटलं नाही. रोपं कुंडीत लावली, वितभर झाली, गच्चीवर गेली, तरी ते येता-जाता पान उलटं करून बघायचे. "मावा न्हाई न्हवं?" एकदा तर शेजाऱ्याकडून औषधाचा पंप आणायला निघाले होते. मला हसू आलं. मग एका संध्याकाळी त्यांनी आपणहून सांगितलं. 2002च्या सुमाराला उसावर लोकरी मावा आला. आधी पानाच्या पाठीवर कापूस शिंपडल्यासारखं. चार-आठ दिवसांत आख्ख्या फडात पानाची खालची बाजू पांढरी, वरची बाजू चिकटून काळी. "पांढरं बघितलं की माझ्या पोटात कालवतंय गं," म्हणाले.

मी हसायची थांबले. पण तांब्या थांबला नव्हता. रोज पहाटे उजवीकडची चपलांची फेरी चालूच. मी मातीत मुरूम मिसळला, कुंड्यांखाली विटा दिल्या, भोकं वाढवली. समजावून सांगितलं, भूमध्य समुद्र सांगितला, केस सांगितले. सगळं ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ओतायचे. शेवटी एका पहाटे मी त्यांच्या मागं गच्चीवर गेले आणि त्यांचा हात कुंडीवर वाकला तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, वाफसा आला नाही अजून."

हात तिथंच थांबला.

वाफसा हा शब्द शेतकऱ्याला सांगावा लागत नाही आणि इतरांना सांगून कळत नाही. पाणी दिल्यावर जमीन आधी चिखल असते, मग हळूहळू निथळते आणि एक वेळ अशी येते की मातीच्या पोकळीत ओलही असते आणि हवाही. मुठीत दाबली तर गोळा होतो, टाकला तर फुटतो. पेरणी त्यावर, कोळपणी त्यावर. मुळं श्वास घेतात ती तेव्हाच. माझ्या सगळ्या भूमध्य समुद्राला जे जमलं नव्हतं ते या एका शब्दानं केलं. मामांनी तांब्या कठड्यावर ठेवला, पहिल्या पेरापर्यंत बोट कुंडीत घातलं, माती काढून चिमटीत चोळली.

"गच्च हाय," म्हणाले. जरा वेळानं, "कवापासनं गच्च हाय?"

"रोजच असती, मामा."

मग ते कठड्याला टेकून उभे राहिले. रंकाळ्याकडून धुकं येत होतं. म्हणाले, आपलं खालच्या अंगाचं वावर तुला दाखवलं न्हाई मी कधी. तीस गुंठे. नदीवरनं पाइपलाइन आली तवा सगळ्यांनी पाणीच पाणी केलं. ऊस म्हंजे पाणी, एवढंच ठावं. पाच-सात सालं पीक आसं आलं की बांधावर उभारून मानूस दिसंना. मग खालचं पाणी वर आलं, आन् पाण्याबरोबर मीठ. आधी एका कोपऱ्यात ऊस पिवळा. मग उगवंनाच. उन्हाळ्यात पहाटे वावरात गेलं की जमीन पांढरी फटक, कुणी पीठ सांडल्यागत. "चांदण्यात तर चमकायची," म्हणाले.

क्षारपड. शिरोळची ही गोष्ट भूगोलाच्या तासाला मी पोरांना शिकवते. जादा पाणी, निचरा नाही, भूजल वर येतं, वाफ होऊन उडतं, मीठ वर राहतं. उपाय म्हणून जमिनीखालून सच्छिद्र पाइप घालून निचरा करतात. फळ्यावर आकृती काढते. पण ते वावर आमच्याच घरचं, हे मला लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर, हातात डस्टी मिलरची कुंडी असताना कळलं. मग त्यांनी तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि खाली गेले.

त्या दिवसापासून गच्चीवर सत्ताबदल झाला म्हणायचा. आता बोट घालून माती बघायचं काम मामांचं. ते सांगतील त्या दिवशीच पाणी. कधी कधी मलाच वाटतं, आता घालावं, पानं जरा मलूल दिसतायत, तर म्हणतात, "दोन दिस ऱ्हाऊ दे." 'लॅम्ब्स इअर'चं बी टाकलं होतं, ते तर त्यांचं लाडकं झालं. जाड, मऊ, लोकरीची पानं. हात लावून म्हणाले, कोकराचा कान हाय ह्यो. धनगर मेंढरं बसवायला वावरात यायचे, तेव्हाची नव्या कोकरांची आठवण. मूळचं तुर्कस्तान, इराणकडचं. आमच्या पावसात टिकेल असं वाटत नाही, पण त्यांना तसं सांगितलेलं नाही. डायकोंड्रा नावाच्या रुपेरी वेलीच्या पाच बिया आणल्या होत्या, त्यातली एक उगवली आणि तीही मांजरानं उकरली. ते जाऊ दे.

दवणा मात्र सांगायला पाहिजे. तो मामांनी केला. माझी ही सगळी विलायती चांदी बघून एक दिवस म्हणाले, "आपला दवणा काय काळा आसतोय काय?" खरंच की! ज्योतिबाला वाहतात तो दवणा, बारीक कातरलेल्या, करड्या-रुपेरी पानांचा. त्याच्यावरही तीच लव. आर्टेमिसिया पॅलेन्स, पॅलेन्स म्हणजे फिकट. सूर्यफूल, शेवंती, डस्टी मिलर आणि हा, सगळे एकाच कुळातले भाऊबंद. आईच्या ट्रंकेत शालूच्या घडीत याची वाळकी जुडी असायची आणि मी त्याला कधी झाड म्हणून बघितलंच नव्हतं. वास म्हणूनच ओळखत होते.

बी धुळीसारखं. मामांनी ते ओल्या फडक्यात बांधून दोन दिवस ठेवलं, मोड डोकावल्यावर वाळूत कालवलं आणि जुन्या टबात फेकलं. उदबत्तीची काडी नाही, भिंग नाही. माझ्यापेक्षा दाट उगवलं. हिवाळाभर ऊन खाल्लं, फाल्गुनात गच्चीचं दार उघडलं की वास अंगावर यायचा. चैत्रात पुतण्या सासनकाठीबरोबर वाडी रत्नागिरीला, ज्योतिबाच्या डोंगरावर निघाला, तेव्हा मामांनी स्वतः कात्रीनं एक जुडी कापून, दोऱ्यानं बांधून त्याच्याकडं दिली. डोंगर चढायची ताकद राहिली नव्हती. "आपल्या गच्चीवरचा हाय म्हनून सांग," म्हणाले. कुणाला सांगायचं ते त्यानं विचारलं नाही.

पोर रात्री परत आलं ते नखशिखांत गुलाबी. मामांना गुलाल लावायला गच्चीवर गेलं आणि 'चांगभलं' म्हणून अशी मूठ उधळली की निम्मी मामांवर आणि निम्मी उजव्या कठड्यावर. सकाळी बघते तर माझी सगळी चांदी गुलाबी. लवेत गुलाल असा धरून बसला होता की फुंकर घातली तरी हलेना. पाण्यानं धुवावं तर पानं भिजणार. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. देवाचा हाय."

तीन आठवडे ती झाडं तशीच राहिली. येणारा-जाणारा विचारायचा, ही कसली जात? मग एका दुपारी पश्चिमेकडून काळं आलं, वारा सुटला आणि वळीव कोसळला. आम्ही दोघं जिन्याच्या दारात उभे. कठड्यावरून गुलाबी पाण्याचे ओघळ उतरले आणि मागं जी पानं राहिली ती हिरवी होती, साध्या कोथिंबिरीसारखी हिरवी. अर्ध्या तासात ऊन पडलं. आधी पानांच्या कडा भुरकट झाल्या, मग शिरा, मग मधला भाग. मामा खुर्ची ओढून समोर बसले होते. सगळं पांढरं होईपर्यंत हलले नाहीत. मग उठले, एकेका कुंडीत बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "आता आठ दिस कुनी तांब्या आनायचा न्हाई हिकडं."